अजिंक्य हंगामाचा जमाखर्च

इंग्लंडच्या फुटबॉल लीगचा पहिलावहिला हंगाम ८ सप्टेंबर १८८८ रोजी सुरू झाला. तो संपला तेव्हा लँकेशायरमधल्या प्रेस्टन नॉर्थ एंड या क्लबने २२ पैकी १८ सामने जिंकले होते, ४ बरोबरीत सोडवले होते आणि एकही गमावला नव्हता. त्यांनी ७४ गोल केले आणि त्यांच्यावर फक्त १५ झाले. विजयाला २ आणि बरोबरीला १ या हिशेबाने त्यांचे ४० गुण झाले. दुसऱ्या क्रमांकावरच्या ॲस्टन व्हिलाचे २९ होते. त्याच हंगामात एफए करंडकही त्यांनी पटकावला, आणि त्या स्पर्धेत तर एकही गोल होऊ दिला नाही. अव्वल साखळीतला अख्खा हंगाम न हरता काढणे इंग्लंडमध्ये त्यानंतर एकदाच जमले, २००३-०४ मध्ये आर्सेनलला. अशा विक्रमाची गोष्ट सहसा अकरा बुलंद खेळाडू आणि एक कल्पक व्यवस्थापक एवढ्यात आटोपते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. प्रेस्टनचा अजिंक्य हंगाम समजून घ्यायचा तर मैदानाइतकेच गिरणीकडे पाहावे लागते. खेळ हे काम आहे, त्याला रोजंदारी आणि वेळापत्रक लागते, हे उघडपणे मान्य करणाऱ्यांनी तो घडवला. आणि त्या कामाचा खर्च दारावरच्या तिकिटांतून निघत नाही, ही इंग्लिश फुटबॉलची आजची तक्रारही त्याच हंगामाच्या वहीत पहिल्यांदा नोंदली गेली.

सुरुवात शनिवारच्या दुपारपासून करावी लागते. प्रेस्टन हे कापसावर वाढलेले गाव. सूतकताईच्या यंत्राने ज्याचे नाव झाले तो रिचर्ड आर्कराइट इथेच १७३२ मध्ये जन्मला. १८५३-५४ मध्ये मजुरीवाढीच्या मागणीवरून इथल्या गिरणीमालकांनी केलेली दीर्घ टाळेबंदी देशभर गाजली होती. अशा गावात कामगाराला खेळायला किंवा खेळ पाहायला ठरावीक मोकळा वेळ मिळणे ही आपोआप घडणारी गोष्ट नव्हती. तो वेळ कायद्याने दिला. १८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांमधल्या स्त्रिया आणि अल्पवयीन कामगारांना शनिवारी दुपारी दोननंतर कामावर ठेवायला बंदी केली. त्यांच्यावाचून साचे चालत नसल्यामुळे पुरुषांचे कामही तिथेच थांबू लागले. लंडनच्या कचेऱ्यांना आणि दुकानांना ही सवलत फार उशिरा मिळाली. लँकेशायरच्या गिरणी कामगाराच्या हातात मात्र एका पिढीआधीच शनिवारची दुपार आली. हजारो माणसे एकाच गावात, एकाच वेळी, आठवड्याची मजुरी घेऊन मोकळी होतात, ही कोणत्याही साखळी स्पर्धेची पहिली अट. ती इथे पुरी झाली होती. लीगचे १२ पैकी ६ संस्थापक क्लब याच एका परगण्यातले निघाले, त्याचे मोठे कारण हेच.

यावर कोणी म्हणेल, की कायद्याला एवढे श्रेय कशाला. कापडधंदा आला की शहर आले, शहर आले की करमणूक आली. हा आक्षेप तपासायला मुंबई सोयीची आहे, कारण तिथे धंदा तोच आणि यंत्रेही बरीचशी लँकेशायरमध्येच बनलेली होती. मुंबईची पहिली कापड गिरणी १८५० च्या दशकात सुरू झाली आणि तीस वर्षांत गिरणगाव उभे राहिले. पण १८८१ चा कारखाना कायदा केवळ मुलांच्या कामाला मर्यादा घालून थांबला, आणि तोही मुंबईच्या स्वस्त मालाने धास्तावलेल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांचा रेटा असल्यामुळे झाला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेऊन आठवड्याच्या सुटीची मागणी मांडली. मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली ती १० जून १८९० रोजी. म्हणजे प्रेस्टनचे कामगार डीपडेलच्या मैदानावर लीगचे सामने पाहत होते त्या हिवाळ्यात परळ-लालबागच्या कामगाराला हक्काची साप्ताहिक सुटीसुद्धा नव्हती. मुंबईतली जुनी फुटबॉल स्पर्धा, रोव्हर्स कप, १८९१ मध्ये सुरू झाली, पण तिचा पाया पलटणींनी घातला. मुंबईत फुटबॉल गिरण्यांमधून का उगवला नाही याला भाषा, परंपरा आणि जागा अशी आणखीही कारणे असतील. तरीही एवढे दिसते, की नुसत्या धंद्याने मोकळा वेळ निर्माण होत नाही; तो कोणीतरी मागावा लागतो आणि कोणालातरी द्यावा लागतो.

वेळ मिळाला तरी संघ आपोआप तयार होत नाही. प्रेस्टन नॉर्थ एंड हा मुळात १८६० च्या दशकातला क्रिकेट क्लब. डीपडेलची जागा त्याने १८७५ मध्ये भाड्याने घेतली, हिवाळ्यासाठी आधी रग्बी करून पाहिले आणि १८८० च्या सुमारास तो फुटबॉलकडे वळला. वळला तेव्हा तो अगदीच कच्चा होता: १८८१ मध्ये शेजारच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सने त्याला १६-० असे लोळवले. त्यानंतर आठच वर्षांत हा क्लब देशात अजिंक्य ठरला, यामागे विल्यम सुडेल या माणसाची दृष्टी होती. तो एका कापूस गिरणीचा व्यवस्थापक. स्वयंसेवक पलटणीतल्या हुद्द्यामुळे लोक त्याला मेजर म्हणत. स्थानिक मुलांना घासूनपुसून जे मिळायला दहा वर्षे लागतील ते तयार विकत मिळते, हे त्याने ओळखले. त्या काळी इंग्लिश खेळाडू चेंडू पायाशी घेऊन एकट्याने मुसंडी मारत. स्कॉटलंडमध्ये मात्र एकमेकांना चेंडू देत पुढे सरकण्याची पद्धत रुजली होती. सुडेलने ती पद्धत जाणणारे खेळाडू स्कॉटलंडहून आणले: जिमी रॉस, डेव्हिड रसेल, जॉनी ग्रॅहम, जॉर्ज ड्रमंड, सॅम थॉमसन, जॅक गॉर्डन. जॉन गुडॉल हा जन्माने लंडनचा, पण किल्मारनॉकमध्ये वाढलेला आणि त्याच मुशीतला. नियमाने पगार देता येत नव्हता, तेव्हा त्यांच्यासाठी गावात नोकऱ्या शोधल्या गेल्या. काम नावापुरते आणि मोबदला खेळासाठी, हा व्यवहार लँकेशायरमध्ये सगळ्यांना ठाऊक होता आणि कोणी उच्चारत नव्हते.

उच्चारत नव्हते, कारण फुटबॉल असोसिएशनवर (एफए) ज्यांचा वरचष्मा होता त्यांच्या मते पैशासाठी खेळणे हे खेळाचे अधःपतन होते. एफए करंडकाची पहिली दहा-अकरा वर्षे दक्षिणेतल्या सुखवस्तू शाळांच्या माजी विद्यार्थ्यांनी आणि लष्करी अधिकाऱ्यांनी गाजवली. १८८३ च्या अंतिम सामन्यात ब्लॅकबर्न ऑलिम्पिक या संघाने अशाच माजी विद्यार्थ्यांच्या ओल्ड इटोनियन्सना २-१ असे हरवले. विणकर, सूतकताई करणारे, ओतकामातले कामगार अशा त्या संघाला अंतिम सामन्याआधी स्थानिक कारखानदाराच्या पैशाने ब्लॅकपूलला सरावासाठी नेले होते. वादाला तिथून तोंड फुटले. ज्याला शनिवारी लंडनला जायचे तर सकाळच्या पाळीचा खाडा पडतो आणि मजुरी बुडते, त्याला भरपाई देणे अनैतिक का, हा साधा प्रश्न होता. ज्याचे उत्पन्न खाड्याने बुडत नाही, त्याला तो प्रश्न समजत नव्हता. जानेवारी १८८४ मध्ये प्रेस्टनची करंडकाच्या सामन्यात लंडनच्या अप्टन पार्कशी बरोबरी झाली आणि अप्टन पार्कने तक्रार केली, की प्रेस्टनचे खेळाडू पगारी आहेत. सुडेलने नाकारण्याऐवजी कबूलच केले आणि वर सांगितले, की बहुतेक सगळे हेच करतात. प्रेस्टनला त्या वर्षीच्या स्पर्धेतून काढून टाकण्यात आले. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी संघटना काढण्याची धमकी दिली, आणि २० जुलै १८८५ रोजी असोसिएशनने पगारी खेळाडूंना मान्यता दिली. त्यात अटी होत्या: नोंदणी दरवर्षी करायची, आणि करंडकात खेळायचे तर खेळाडू मैदानाच्या सहा मैलांच्या आत जन्मलेला किंवा दोन वर्षे राहिलेला हवा.

ही तडजोड किती निर्णायक होती हे रग्बीकडे पाहिले म्हणजे कळते. तिथेही उत्तरेचे क्लब खाड्याची भरपाई मागत होते; रग्बीच्या धुरिणांनी ती साफ नाकारली. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली आणि रग्बीचे कायमचे दोन खेळ झाले. मागणारे कामगार त्याच पट्ट्यातले, मागणीही तीच. फरक फक्त उत्तरात. फुटबॉलच्या बाजूला चार्ल्स ऑलकॉक यांच्यासारखा चिटणीस होता, ज्याला पगारी खेळ चोरून होण्यापेक्षा उघड झालेला बरा वाटत होता. सुडेलच्या कबुलीने त्याला निमित्त मिळाले. एरवी प्रामाणिकपणाचे श्रेय आपण निःस्वार्थी माणसांना देतो. इथे तो एका व्यवहारी व्यवस्थापकाने आपल्या सोयीसाठी वापरला, पण त्यामुळे त्याचा परिणाम कमी झाला नाही. ज्या संघाने पगार लपवला नाही त्या संघाला पुढे खेळाडूंकडून सराव, शिस्त आणि हजेरीही उघडपणे मागता आली.

पगार मान्य झाला आणि नवी अडचण उभी राहिली. पगार दर आठवड्याला द्यायचा, पण सामना दर आठवड्याला होईलच याची खात्री नाही. त्या काळी क्लबांचे बहुतेक सामने आपसात ठरवलेले मैत्रीपूर्ण सामने असत, आणि करंडकाची फेरी आडवी आली, पाऊस लागला किंवा दुसरीकडे जास्त गर्दीचा सामना मिळाला की ते ऐनवेळी रद्द होत. करंडकात तर एकदा हरले की वर्ष संपले. ॲस्टन व्हिलाच्या समितीतला विल्यम मॅकग्रेगर हा स्कॉटिश कापडदुकानदार. २ मार्च १८८८ रोजी त्याने निवडक क्लबांना पत्र लिहून सुचवले, की दहा-बारा प्रमुख क्लबांनी दरवर्षी एकमेकांशी घरी आणि बाहेर असे ठरलेले सामने खेळावेत. २३ मार्चला लंडनच्या अँडर्टन्स हॉटेलात पहिली बैठक झाली, १७ एप्रिलला मँचेस्टरच्या रॉयल हॉटेलात संस्था स्थापन झाली. तिला फुटबॉल लीग हे नाव सुचवणारा सुडेल, आणि तिचा पहिला खजिनदारही सुडेलच. लँकेशायरमधून अॅक्रिंग्टन, ब्लॅकबर्न रोव्हर्स, बोल्टन, बर्नली, एव्हर्टन आणि प्रेस्टन. मध्य इंग्लंडमधून ॲस्टन व्हिला, डर्बी, नॉट्स काउंटी, स्टोक, वेस्ट ब्रॉमविच आणि वुल्व्हरहॅम्प्टन. दक्षिणेतला एकही नाही. कारखान्यांच्या आणि रेल्वेच्या नकाशावर ही गावे एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर होती. आज फुटबॉलचा हंगाम ऋतुचक्रासारखा स्वाभाविक वाटतो; पण तो पगाराच्या तारखा सांभाळण्यासाठी केलेली एक व्यावहारिक सोय आहे.

सोय किती कच्ची होती याचे पुरावे पहिल्याच हंगामात सापडतात. विजेता कसा ठरवायचा हेही सुरुवातीला ठरलेले नव्हते. बरोबरीलाही गुण देण्याचा निर्णय नोव्हेंबरमध्ये, म्हणजे निम्मे सामने होऊन गेल्यावर झाला. गोलांना जाळ्या नव्हत्या, पेनल्टी किक नव्हती, गोलरक्षक आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हातात घेऊ शकत होता. स्टोकचा संघ ऑक्टोबरमध्ये डीपडेलला आला तो दोन खेळाडू कमी घेऊन, आणि प्रेस्टनने आपल्या राखीव फळीतले दोघे त्यांना उसने दिले. सामना प्रेस्टनने ७-० जिंकला. वेळापत्रक सगळ्यांनी स्वीकारले होते, पण त्याप्रमाणे जगायची सवय सगळ्यांना नव्हती. प्रेस्टनला ती होती. पहिल्या दिवशी त्यांनी बर्नलीला ५-२ हरवले आणि पहिले सहाही सामने जिंकले. सातव्यात अॅक्रिंग्टनने गोलशून्य बरोबरी साधली. घरच्या मैदानावरच्या ११ पैकी १० सामन्यांत त्यांचा विजय झाला, फक्त ॲस्टन व्हिला १-१ अशी बरोबरी घेऊन गेला. जानेवारीतच विजेतेपदाचा निकाल लागला होता. सुडेल खेळाडूंच्या जागा टेबलावर मांडून डावपेच समजावी असे सांगतात. ते कितपत नियमित होते कोण जाणे, पण निकाल पाहता संघाची घडण आठवड्यागणिक बदलणारी नव्हती एवढे नक्की. मैत्रीपूर्ण सामन्यांच्या काळात एखाद्या शनिवारी अप्रतिम खेळणे पुरेसे होते. साखळीने वेगळा गुण मागितला, सातत्य. आणि सातत्य हा फावल्या वेळात जोपासायचा गुण नव्हे.

पहिला गंभीर आक्षेप या विक्रमाच्या वजनाविषयी आहे. सामने फक्त २२. विरोधात फक्त ११ क्लब. स्कॉटलंडचे बलाढ्य क्लब बाहेर. आर्सेनलने मात्र ३८ सामने न हरता काढले. मग प्रेस्टनला अजिंक्य म्हणणे म्हणजे रिकाम्या तालमीत कुस्ती मारल्यासारखे नाही का? यातले आकडे खरे आहेत, निष्कर्ष खरा नाही. आर्सेनलने ३८ पैकी १२ सामने बरोबरीत सोडवले, म्हणजे जवळजवळ दर तीन सामन्यांत एक; प्रेस्टनच्या बाबतीत ते प्रमाण दर पाच-सहा सामन्यांत एक पडते. शिवाय विरोधक दुबळे होते हे म्हणणे निवडीच्या पद्धतीशी जुळत नाही. लीगने सुरुवातच देशातल्या नावाजलेल्या पगारी क्लबांपासून केली होती. ब्लॅकबर्न रोव्हर्सने १८८४ पासून सलग तीन वेळा करंडक जिंकला होता, ॲस्टन व्हिलाने १८८७ मध्ये आणि वेस्ट ब्रॉमविचने १८८८ मध्ये. त्यातही १८८८ चा अंतिम सामना वेस्ट ब्रॉमविचने प्रेस्टनलाच २-१ हरवून जिंकला होता, आणि तोही प्रेस्टनने त्याच हंगामात हाइड या संघावर २६ गोल चढवल्यानंतर. हाच विरोधाभास महत्त्वाचा आहे. एका दुपारी प्रेस्टनला हरवणे शक्य होते. साखळीत तेच प्रेस्टन कोणाच्या हाती लागले नाही, कारण ती स्पर्धा एका दुपारच्या कौशल्यापेक्षा पाच महिन्यांच्या संघटनेची परीक्षा घेत होती.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. प्रेस्टनच्या यशाचा पाया पगारी खेळ होता म्हणता, तर त्या संघातले हौशी खेळाडू कुठे बसवायचे? कर्णधार फ्रेड ड्यूहर्स्ट हा स्थानिक शाळेतला शिक्षक. करंडकाच्या अंतिम सामन्यात वुल्व्हरहॅम्प्टनविरुद्धच्या ३-० विजयात गोल करणाऱ्यांपैकी तो एक. त्या सामन्यातला गोलरक्षक रॉबर्ट मिल्स-रॉबर्ट्स हा वेल्समधला डॉक्टर. बॉब हॉवर्थ आणि बॉब होम्स हे गावातलेच. म्हणजे संघ केवळ बाहेरून आणलेल्या भाडोत्री स्कॉटांचा नव्हता. हे मान्य केले तरी युक्तिवाद ढासळत नाही, उलट नेमका होतो. पगारी व्यवस्थेचा अर्थ प्रत्येकाने पैसे घेणे असा नव्हता. जो पैसे घेतल्याशिवाय येऊ शकत नाही त्यालाही संघात जागा मिळणे, असा होता. शिक्षक आणि डॉक्टर हौशी संघातही खेळू शकले असते. रॉस किंवा ड्रमंड यांना त्यांच्याशेजारी उभे करण्यासाठी मात्र पगार लागला. बाकीच्या क्लबांनीही स्कॉट आणले होते, बर्नलीत आणि बोल्टनमध्ये त्यांची संख्या कमी नव्हती, हा उपप्रश्नही इथेच सुटतो. खेळाडू विकत घेणे सगळ्यांना जमले. त्यांची एक घडी बसवून ती वर्षानुवर्षे टिकवणे प्रेस्टनला आधी जमले, कारण त्याने हे काम आधी सुरू केले आणि ते लपवण्यात शक्ती घालवली नाही.

तिसरा आक्षेप खुद्द सुडेलच्या चरित्रातून येतो आणि तो टाळता येत नाही. १८९३ मध्ये त्याचा क्लबवरचा अंमल संपला. १८९५ मध्ये मालकांच्या पैशाची अफरातफर आणि हिशेबात खोटेपणा केल्याबद्दल त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. रक्कम पाच हजार पौंडांहून अधिक होती, आणि तिचा मोठा भाग क्लबवर खर्च झाला असे मानले जाते. सुटल्यावर तो दक्षिण आफ्रिकेला गेला आणि १९११ मध्ये तिथेच वारला. मग हा सगळा हंगाम चोरीच्या पैशावर उभा होता असे म्हणून तो बाद का करू नये? गुन्हा गुन्हाच आहे, आणि गिरणीच्या तिजोरीतून नेलेला पैसा शेवटी कामगारांनी घाम गाळून मिळवलेलाच होता. पण सुडेलला केवळ लबाड ठरवून मोकळे झाले, तर त्याने हे का केले हा प्रश्न तसाच राहतो. त्याने स्वतःसाठी महाल बांधला नाही. तिकिटांच्या पैशातून जेवढा संघ पोसता येत होता त्याहून मोठा संघ त्याने उभा केला, आणि मधली दरी कुठून तरी भरावी लागत होती. ज्या माणसाने पगाराची बाब असोसिएशनपुढे उघड केली त्यानेच तुटीची बाब मालकांपासून दडवली. या दोन कृती परस्परविरोधी दिसतात. प्रत्यक्षात दुसरी ही पहिलीची न मांडलेली बाजू होती. खेळ हे काम आहे हे कबूल केले, की त्या कामाला भांडवल कोण पुरवणार हा प्रश्न लगेच मागे येतो. तो प्रश्न लीगने विचारला नाही, आणि तिच्या पहिल्या खजिनदाराने त्याचे उत्तर परस्पर देऊन टाकले.

दरी खरी होती याचा पुरावा प्रेस्टनच्या पुढच्या वाटचालीत आहे. १८८९-९० मध्ये त्याने विजेतेपद राखले, पुढची तीन वर्षे दुसरा क्रमांक मिळवला, आणि त्यानंतर आजवर अव्वल साखळी जिंकली नाही. टॉम फिनी या खेळाडूच्या काळात १९५३ मध्ये तर विजेतेपद केवळ गोलसरासरीवर निसटले. गुडॉल १८८९ मध्येच डर्बीला गेला. विजेतेपदे आता बर्मिंगहॅम, लिव्हरपूल, संडरलँड अशा मोठ्या गर्दीच्या शहरांकडे सरकली. एक लाखाच्या आसपास वस्तीचे गाव कल्पकतेने पुढे जाऊ शकते, पण शेजारी कल्पकता शिकले की गर्दीचे गणित चालू होते. संस्थापकांपैकी अॅक्रिंग्टन १८९३ मध्येच लीगमधून बाहेर पडला आणि काही वर्षांत बुडाला. १९०१ मध्ये खेळाडूंच्या पगारावर आठवड्याला ४ पौंडांची कमाल मर्यादा आली. तिने खर्च काही काळ आवरला, पण तो भार खेळाडूंच्या खिशावर टाकून, आणि ही मर्यादा १९६१ मध्ये उठली. छोट्या गावाला अव्वल साखळी जिंकून देण्याचा मार्ग त्यानंतर बहुतांशी पुन्हा तोच राहिला: बाहेरून पैसा घालणारा माणूस.

त्याच पट्ट्यातल्या ब्लॅकबर्नचे उदाहरण बोलके आहे. पोलादाच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या जॅक वॉकर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या गावच्या क्लबात पैसा ओतला आणि १९९४-९५ मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स ८९ गुणांनी, मँचेस्टर युनायटेडहून एका गुणाने पुढे राहून प्रीमियर लीग जिंकला. वॉकर २००० मध्ये वारले. नोव्हेंबर २०१० मध्ये हा क्लब पुण्याच्या व्यंकीज उद्योगसमूहाने विकत घेतला; मे २०१२ मध्ये तो प्रीमियर लीगमधून खाली घसरला. महाराष्ट्रात त्या वेळी या घटनेची चर्चा एका मराठी मुलखातल्या कंपनीचे साहस किंवा फसगत म्हणून झाली, आणि इंग्लंडमध्ये परक्या मालकांचे अज्ञान म्हणून. दोन्ही वाचनांत एक गोष्ट निसटते. गावच्या उत्पन्नाहून मोठा क्लब आणि मधली तूट भरणारा धंदेवाला माणूस, ही मांडणी पुण्याहून आली नव्हती. ती ब्लॅकबर्नपासून दहा मैलांवर, प्रेस्टनमध्ये, १८८८ च्या आधीच तयार झाली होती. मालक स्थानिक की परका, पैसा स्वतःचा की दुसऱ्याचा, हे फरक नैतिकदृष्ट्या मोठे आहेत आणि ते पुसू नयेत. पण व्यवस्थेच्या दृष्टीने जागा तीच आहे, आणि त्या जागेवर आलेला माणूस गेला किंवा कंटाळला की क्लबाचे काय होते हा प्रश्नही तोच आहे.

जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेने इंग्लिश फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा केला; क्लबांना परवाना घ्यावा लागेल आणि त्यांची आर्थिक तब्येत तपासली जाईल अशी त्यात तरतूद आहे. सुडेलच्या शिक्षेला तेव्हा १३० वर्षे झाली होती. या कायद्याचे समर्थक बहुधा सांगतात, की दूरचित्रवाणीच्या पैशाने आणि अब्जाधीश मालकांनी बिघडवलेला खेळ पुन्हा मूळ वळणावर आणायचा आहे. नियमनाची गरज पटण्यासारखी आहे. हे कारण मात्र इतिहासाला धरून नाही. परत जावे असे निर्मळ मूळ फुटबॉल लीगला कधीच नव्हते, कारण तिचा सर्वांत देखणा हंगाम तिच्या पहिल्याच वर्षी झाला आणि त्याच वर्षी तिचा खर्च तिच्या उत्पन्नाबाहेर गेलेला होता. म्हणून नियामकाने आजच्या मालकांच्या हव्यासावर बोट ठेवून थांबू नये. कामगारांना शनिवारची दुपार मिळाली ती कायद्याने, खेळाडूंना पगार मिळाला तो उघड कबुलीने. तुटीचा प्रश्न तेवढा प्रत्येक पिढीने एखाद्या उदार किंवा बेफिकीर माणसावर सोपवला. तो खुल्या हिशेबात आणणे हे १८८५ मध्ये अर्धवट राहिलेले काम आहे. ते पुरे झाले तर प्रेस्टनच्या ४० गुणांची किंमत कमी होणार नाही; ती कोणी मोजली हे मात्र स्पष्टपणे लिहिता येईल.